संपमधलं रेफ्युजियम: वीज गेली तरी पाणी घरभर होणार नाही असं

ज्यांची खाऱ्या पाण्याची टाकी आधीच नीट चालू आहे, त्यांच्यासाठी हे आहे. आरओचं पाणी, १.०२५ घनता वगैरे पुन्हा सांगत बसत नाही. संप म्हणजे मुख्य टाकीच्या खाली ठेवलेली दुसरी टाकी, आणि रेफ्युजियम म्हणजे शेवाळासाठी राखलेला वेगळा कप्पा. शेवाळ नायट्रेट-फॉस्फेट ओढून घेतं आणि माशांच्या तोंडापासून लांब कोपेपॉड (मासे खातात ते बारीक जीव) वाढतात.

टाकीला मागून टांगायचे तयार डबे मिळतात. त्यात मूठभर शेवाळ राहतं, तेवढाच उपयोग. खाली जागा असेल तर संपमध्येच कप्पा काढा. ९० × ४५ × ४५ सेंटिमीटरच्या टाकीला ६० × ३० × ४० चा संप पुरतो. पहिल्या कप्प्यात स्किमर (फेसातून घाण काढणारं यंत्र), मधला सगळ्यात मोठा रेफ्युजियमचा, शेवटी रिटर्न पंप, म्हणजे पाणी परत वर चढवणारा. काचा दुकानातून कापून आणा आणि चिकटवा. सिलिकॉन मात्र बाथरूमसाठीचं बुरशीरोधक नको, त्यातलं औषध जिवांना मारतं.

आता खरी अडचणीची पायरी. इथे मीही बराच काळ अडलो होतो आणि बहुतेक सल्ले इथेच गुळमुळीत होतात. कोल्हापुरात एप्रिल-मेमध्ये वळीव आला की वीज जाणार, हे धरूनच चाला. पंप थांबला की वरच्या टाकीतलं पाणी रिटर्नच्या पाइपातून उलटं खाली येतं आणि नळीच्या तोंडाला हवा लागेपर्यंत येतच राहतं. वरच्या टाकीत १ सेंटिमीटर पाणी म्हणजे सुमारे ४ लिटर. संपमध्ये १ सेंटिमीटर म्हणजे १.८ लिटर. नळीचं तोंड पाण्याखाली १० सेंटिमीटर असेल तर ४० लिटर खाली येतात आणि संपची पातळी २२ सेंटिमीटरने चढते. संपमध्ये आधीच २२ असेल तर बेरीज ४४, आणि काच ४० ची. उरलेलं खारं पाणी कपाटाच्या प्लायवुडमध्ये.

‘चेक व्हॉल्व्ह (पाणी एकाच दिशेने जाऊ देणारी झडप) बसवा, झालं’ असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. मीठ आणि चुनकट शेवाळ बसून तो कधी अर्धवट उघडा राहील, सांगता येत नाही. नळीचं तोंड पाण्याच्या पातळीखाली २-३ सेंटिमीटरवरच ठेवा. शिवाय पातळीच्या किंचित खाली पाइपाला ५-६ मिलिमीटरचं भोक पाडा, म्हणजे लगेच हवा शिरून ओघ तुटतो. ते भोक महिन्यातून एकदा काडीने साफ करायचंच. गोगलगाय नेमकी तिथेच बसते.

मग उलटी चाचणी. पंप बंद ठेवा, वरचं पाणी पूर्ण उतरू द्या आणि काठापासून ५ सेंटिमीटर खाली येईल इतकाच संप भरा. पंप सुरू करा. पातळी स्थिरावली की रिटर्नच्या कप्प्यावर मार्करने रेघ ओढा. आटलेल्या पाण्याची भर गोड्या पाण्याने घालताना त्या रेघेच्या वर थेंबही नाही. मार्च-एप्रिलच्या कोरड्या हवेत पाणी भराभर आटतं, तेव्हा जास्त ओतायचा मोह होतो. इन्व्हर्टर असेल तर त्यावर रिटर्न पंप नको, वरच्या टाकीतला वेव्हमेकर, म्हणजे पाणी हलतं ठेवणारा पंप, लावा. माशांना हवा हवी.

बाकी सोपं. शेवाळ कीटोच (तारांच्या गुंत्यासारखं वाढणारं) घ्या. कॉलर्पा जातीचं शेवाळ कधी कधी एका रात्रीत फुटून सगळा साठा परत पाण्यात सोडतं, त्याच्या नादाला लागू नका. साधा ६५०० केल्विनचा एलईडी पुरे. तो रात्री, वरचे दिवे बंद असताना लावा, म्हणजे रात्री पीएच कमी घसरतो. टायमर बॅटरीवाला घ्या; फिरणाऱ्या तबकडीचा टायमर वीज गेली की मागे पडतो आणि थोड्याच दिवसांत दिवसाची रात्र करतो.

कोपेपॉडसाठी रत्नागिरीच्या किनाऱ्यावरून दगड उचलून आणू नका. त्यावर प्रवाळ असेल तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली तो गुन्हा आहे. ओळखीच्या टाकीवाल्याकडून कीटोचा गुंता घ्या, कोपेपॉड त्यातूनच येतात.

कप्पा भरला की एक तृतीयांश शेवाळ काढून टाका. काढलं नाही तर आतलं शेवाळ अंधारात सडून सगळं पाण्यातच परत जातं. वाढ अचानक थांबली तर आधी नायट्रेट मोजा. शून्यावर आला असेल तर दिव्याचे तास कमी करा.