कॅन्सरच्या आकड्यांवर वाद घालण्याआधी

‘कॅन्सर किती वाढलाय!’ असं कुणी म्हणालं की मी आधी विचारतो, रुग्ण वाढले की दर लाखामागचं प्रमाण? माणसं जास्त जगू लागली की नुसती संख्या वाढणारच. म्हणून वयोमानानुसार समायोजित केलेला दर मागा, म्हणजे लोकसंख्येत म्हातारी माणसं वाढल्याचा परिणाम वजा करून काढलेला. तो नसेल तर सरळ विषय बदला.

दर खरंच चढला असेल तर त्याच आलेखावर मृत्युदराची रेघ काढा. दक्षिण कोरियाचं उदाहरण मी हमखास देतो. तिथे १९९९ नंतर कॅन्सर तपासणी मोहिमेच्या जोडीने गळ्याची सोनोग्राफीही सर्रास होऊ लागली. २०११ मध्ये थायरॉइड कॅन्सरच्या निदानाचा दर १९९३ च्या सुमारे पंधरापट होता. मृत्युदर मात्र जवळपास जिथल्या तिथे! कधीच त्रास न देणाऱ्या बारीक गाठी सापडत होत्या. २०१४ मध्ये तिथल्याच काही डॉक्टरांनी या सरसकट तपासणीविरुद्ध आवाज उठवला, तेव्हा शस्त्रक्रिया झपाट्याने घटल्या.

दोन्ही रेघा चढत असतील तर तंबाखू, संसर्ग, प्रदूषण यांच्याकडे वळा; पण काळाचं गणित जमवा. सिगारेटचा परिणाम फुप्फुसाच्या कॅन्सरच्या आकड्यांत उतरायला वीस-तीस वर्षं लागतात. गेल्या वर्षीच्या मोबाइल टॉवरवर यंदाचं खापर फोडणाऱ्याला हे जरूर ऐकवा (हसत हसत).

‘निदानानंतर पाच वर्षं जगणारे वाढले’ हा पुरावाही मी चटकन मानत नाही. निदान तीन वर्षं आधी झालं आणि मृत्यू त्याच तारखेला आला, तरी हा आकडा सुधारतो.