ठरावावर हात वर करण्यापूर्वी

गृहनिर्माण संस्थेच्या सर्वसाधारण सभेत ‘अविवाहितांना सदनिका भाड्याने देऊ नयेत, ते रात्री गोंगाट करतात’ असा ठराव आला, तर प्रथम त्याच्या पोटातले विधान बाहेर काढावे. ‘हे लोक गोंगाट करतील, कारण ते अविवाहित आहेत’ या वाक्यात न्यायदर्शनानुसार, म्हणजे तर्काच्या प्राचीन भारतीय शास्त्रानुसार, पहिला भाग प्रतिज्ञा (सिद्ध करायचे विधान) आणि दुसरा हेतू (त्याचे कारण) होय. त्यांना जोडणारी व्याप्ती, म्हणजे ‘जेथे धूर तेथे अग्नी’ यासारखा निरपवाद संबंध, येथे कोणी उच्चारलेलीच नाही. ती उच्चारायला लावावी. शांतपणे राहणारा एक अविवाहित भाडेकरू दाखवता आला, तरी हेतू सव्यभिचार, म्हणजे अपवाद असलेला आणि म्हणून सदोष, ठरतो.

त्यानंतर सिद्धतेचा भार पाहावा. जो विधान करतो त्याने ते सिद्ध करावे, हा साक्षीपुराव्याच्या कायद्याचा सर्वसाधारण नियम असल्याने ‘तसे नाही हे तुम्ही दाखवा’ हे उत्तर स्वीकारू नये.

सर्वांत उपयोगी कसोटी मात्र घटनेच्या अनुच्छेद १४ मधून, म्हणजे कायद्यापुढील समानतेच्या हक्कातून, मिळते. जलद सुनावणीसाठी कोणताही खटला विशेष न्यायालयाकडे पाठवण्याची मुभा सरकारला देणारी पश्चिम बंगालच्या कायद्यातील तरतूद सर्वोच्च न्यायालयाने १९५२ मध्ये अन्वर अली सरकार प्रकरणात रद्द केली. त्या निकालात न्यायमूर्ती सुधीरंजन दास यांनी दोन प्रश्न मांडले: वर्गीकरण स्पष्ट फरकावर आधारलेले आहे का, आणि त्या फरकाचा कायद्याच्या उद्दिष्टाशी वाजवी संबंध आहे का? आपला ठराव पहिल्या प्रश्नात टिकतो, दुसऱ्यात कोसळतो. कारण उद्दिष्ट शांतता असेल, तर मध्यरात्रीपर्यंत वाढदिवस साजरे करणारी कुटुंबे मोकळी सुटतात. (हा अनुच्छेद मुख्यतः राज्यसंस्थेवर बंधनकारक आहे, सभेत तो कायदेशीर धमकी म्हणून वापरू नये.)

आपण मालक असू की भाडेकरू हे ठाऊक नसताना हा नियम मान्य केला असता का, हा अमेरिकी तत्त्वज्ञ जॉन रॉल्स यांच्या धर्तीचा प्रश्नही विचारावा, पण त्याचे उत्तर कल्पनाशक्तीवर अवलंबून असल्याने त्यावर फार भिस्त ठेवू नये.

शेवटी पूर्वपक्ष, म्हणजे ठराव मांडणाऱ्यांची बाजू, त्याच्या सर्वांत भक्कम रूपात मांडावा. भाडेकरू वारंवार बदलतात आणि तक्रारीला कोणीच उत्तरदायी राहत नाही, ही अडचण खरी असू शकते. तसे असेल, तर रात्री १० ते सकाळी ६ या वेळेतील शांततेचा नियम सर्व सदनिकांना लागू करून तक्रारीची जबाबदारी सदनिकामालकावर ठेवणारी दुरुस्ती लेखी सुचवावी.