विणकामाचं मासिक लावताय? या चुका टाळा

दसरा सरला की बेळगावात पिशव्यांतून सुया डोकवायला लागतात. ‘गरिबांचं महाबळेश्वर’ म्हणवून घेणारं गाव, थंडीचं कौतुक असणारच. टिळकवाडीत आम्ही चौघी-पाचजणी दुपारी विणायला बसतो, आणि दरवर्षी एकीचा तरी प्रश्न असतो, “मासिक लावू काय गं? कुठलं लावू?”

कुठलं ते नंतर बघू. मासिक निवडताना आपण काय बघतो, तिथंच घोळ असतो. मुखपृष्ठावरचा स्वेटर बघतो. मीही तेच केलं. भरघोस वेण्यांच्या नक्षीचा स्वेटर, बर्फात उभी असलेली बाई, आणि मी इकडं वर्षाची वर्गणी भरून मोकळी! अमेरिकेतून अंक आला, भावासाठी स्वेटर विणायला घेतला. नमुन्यात लिहिलं होतं ‘१० नंबरच्या सुया’. आईच्या डब्यात १० नंबर होत्याच. वीतभर विणून झालं तेव्हा वहिनी म्हणाली, “हे कुणाच्या बाळंतविड्याचं?” रुंदीला अर्धंही नाही आणि हाताला पुठ्ठ्यासारखं.

कारण साधं होतं. आपल्याकडचे सुयांचे नंबर जुन्या इंग्रजी पद्धतीचे, नंबर वाढला की सुई बारीक. अमेरिकेत बरोबर उलट. आपली १० नंबरची सुई सव्वातीन मिलिमीटरची, त्यांची १० नंबरची ६ मिलिमीटरची. दोन्हीकडं जुळतो तो फक्त ७ नंबर, साडेचार मिलिमीटर. त्या मासिकात मिलिमीटर कुठंच दिले नव्हते. म्हणून माझी पहिली अट हीच: सुईचं माप मिलिमीटरमध्ये छापत नसेल तर ते मासिक कितीही देखणं असो, लावायचं नाही.

क्रोशाच्या नमुन्यांत तर याहून फसवं. इंग्लंडमधल्या अंकात ‘डबल क्रोशे’ म्हणजे आपला मुका खांब, आखूड टाका; अमेरिकेतल्या अंकात ‘डबल क्रोशे’ म्हणजे आपला खांब, त्याहून उंच टाका. शब्द तोच, टाका वेगळा. अंक कुठल्या पद्धतीचे शब्द वापरतो हे त्यात स्पष्ट लिहिलेलं असायला हवं. नसेल तर रुमालाची झालर टोपीएवढी उंच होते आणि दोष आपल्या हाताला लागतो.

दुसरी चूक म्हणजे मापाच्या चौकोनाकडं, म्हणजे आधी विणून बघायच्या छोट्या तुकड्याकडं, दुर्लक्ष. चांगल्या नमुन्यात सुरुवातीलाच असतं की १० सेंटिमीटर रुंदीत किती टाके आणि १० सेंटिमीटर उंचीत किती ओळी बसायला हव्यात. आपण म्हणतो, कशाला तेवढी लोकर वाया घालवायची! हिशेब करून बघा. नमुन्यात १० सेंटिमीटरला २० टाके आहेत आणि पाठीला १०० टाके घातले, तर रुंदी ५० सेंटिमीटर. तुमचा हात घट्ट असून २२ टाके बसले, तर तेच १०० टाके साडेपंचेचाळीस सेंटिमीटरमध्ये आटोपतात. पुढचा भाग आणि पाठ मिळून ९ सेंटिमीटर कमी. छाती ३८ इंची, स्वेटर ३६ इंची! चौकोन घट्ट आला तर सुई एक मापानं जाड घ्या, सैल आला तर बारीक. जे मासिक हा आकडाच देत नाही, त्याच्या अंकात नुसती चित्रं आहेत असं समजा.

लोकरीचंही तसंच. परदेशी नमुन्यात ज्या कंपनीच्या लोकरीचं नाव असतं ती खडेबाजारात मिळायची नाही. इथं बहुतेक लुधियानाकडून येणारी अ‍ॅक्रिलिक लोकर. शहापूर-वडगावात घरोघरी माग असले तरी तिथलं सूत साडीचं, आपल्या कामाचं नाही. तेव्हा दुसरी लोकर घ्यायची तर नमुन्यात जाडी आणि मीटर दोन्ही हवेत. नुसते ग्रॅम बघून घेऊ नका. सुती धागा वजनाला जड, त्यामुळं त्याच जाडीच्या १०० ग्रॅम गुंड्यात अ‍ॅक्रिलिकपेक्षा लांबी कमी भरते. बाहीपर्यंत येऊन धागा संपला आणि दुकानात त्या रंगाचा पुढचा लॉट किंचित वेगळा निघाला, की सगळं मुसळ केरात.

हवामानाचा विचार तर कुणीच करत नाही. युरोप-अमेरिकेतल्या मासिकांचे थंडीचे अंक जाडजूड गळाबंद स्वेटरांनी भरलेले असतात. आपल्याकडं तसला स्वेटर डिसेंबर-जानेवारीत पहाटे फिरायला जाताना, एवढंच. खानापूरकडं पावसाळ्यात गारठा असतो, पण जाड लोकर तिथं चार-चार दिवस वाळत नाही. एका अंकात बिनबाह्यांचे स्वेटर, टोपडी-मोजे, शाली, सुती धाग्याचं काही, असं तीन-चार तरी आपल्या उपयोगाचं हवं.

भाषेचा बाऊ मात्र करू नका. माझ्या शेजारच्या आक्कांना मराठी बोलता येतं पण वाचता येत नाही, मला कन्नड पाटीपुरतं येतं, आणि इंग्रजी दोघींचं बेताचंच. तरी आम्ही एकच वेणी विणतो, कारण अंकात चौकड्यांचा तक्ता असतो, एक चौकडी म्हणजे एक टाका. सुलट बाजूच्या ओळी उजवीकडून डावीकडं वाचायच्या, उलट बाजूच्या डावीकडून उजवीकडं, आणि गोल विणत असाल तर सगळ्याच उजवीकडून. खुणांची यादी तक्त्याच्या शेजारीच असावी. शेवटच्या पानावर असली की पानं उलटताना टाके निसटतात.

पैसे भरण्यापूर्वी एकच सुटा अंक घ्या आणि पेन्सिल घेऊन त्यातला एक नमुना नुसता वाचा. १२० टाक्यांपासून दोन्ही कडांना एकेक टाका ८ वेळा कमी केला तर १०४ उरायला हवेत. अंकात १०६ छापले असतील तर मुंड्याशी अडकलातच. छापखान्याच्या चुका सगळ्यांकडून होतात. त्या कबूल करून शुद्धिपत्र देणारं मासिक मी जास्त विश्वासाचं मानते. शुद्धिपत्र कधीच न देणाऱ्याचा मला उलट संशय येतो.

सोबत फुकट सुया किंवा गुंडा मिळतो म्हणून वर्गणी भरू नका. परदेशातून येणाऱ्या अंकाबरोबर ती भेट असेलच असं नाही, आणि कधी टपालखर्च अंकाच्या किमतीवर जातो. मोबाइलवर वाचायचा अंक स्वस्त पडतो, पण वर्गणी संपल्यावर जुने अंक उघडतात की नाही ते आधी विचारा. ती वर्गणी बहुतेकदा आपोआप पुढं चालू राहते. पैसे कापण्याच्या किमान २४ तास आधी बँकेकडून कळवलं जातं. तो संदेश जाहिरात समजून पुसून टाकू नका, नको असेल तर पैसे कापायच्या आत रद्द करा. पत्ता भरताना यादीत बेळगाव असो की २०१४ नंतरचं बेळगावी, जे असेल ते निवडा. पिनकोड तेवढा नीट घाला.

आमच्यात आता छापील अंक एकच येतो, चौघींत मिळून. भांडण होतं ते तक्त्यावर शाईच्या पेनानं खुणा कुणी केल्या, यावरून.