‘आज काय ऐकलं?’ : ख्यालाच्या ध्वनिमुद्रणाची नोंद कशी लिहावी

‘भीमसेनजींचा यमन ऐकतोय. अप्रतिम!’ संगीतप्रेमींच्या गटात ‘आज काय ऐकलं?’ याचे उत्तर म्हणून एवढी ओळ येते आणि खाली जोडलेले हात. वाचणाऱ्याच्या हाती यातून काहीच लागत नाही. भीमसेन जोशींनी यमन आयुष्यभर गायला: तबकडीवर, कॅसेटवर, आकाशवाणीवर, सवाई गंधर्व महोत्सवाच्या मंडपात. त्यातला हा कोणता? नोंदीचे काम एकच असते. वाचणाऱ्याला तेच ध्वनिमुद्रण सापडावे आणि त्यातली तीच जागा त्याच्या कानावर पडावी. ‘अप्रतिम’ त्यानंतर लिहिले तरी चालते.

नोंद साधारण अशी दिसावी:

‘अमीर खाँ, मारवा. बडा ख्याल “पिया मोरे अनत देस गईलवा”, विलंबित झूमरा. छोटा ख्याल “गुरु बिन ग्यान न पावे”, द्रुत तीनताल. एचएमव्हीची लाँग प्ले, दुसऱ्या बाजूला दरबारी.’

तीन ओळीच आहेत, पण यावरून कोणीही नेमकी ती तबकडी शोधून काढेल. बडा ख्याल म्हणजे आधी गायची संथ बंदिश, छोटा ख्याल म्हणजे नंतरची जलद; झूमरा आणि तीनताल हे ताल. आता यातला एकेक भाग.

बंदिशीचा मुखडा

मुखडा म्हणजे बंदिशीची (रागात बांधलेल्या गीताची) पहिली, पुन्हापुन्हा येणारी ओळ. रागाच्या नावापेक्षा तो जास्त खात्रीचा. नाव चुकीचे छापले जाते, अपलोड करणारा चुकीचे टाकतो. मुखडा मात्र प्रत्यक्ष ऐकू येतो. बडा आणि छोटा अशा दोन्ही ख्यालांचे मुखडे लिहा. तोच राग आणि तोच बडा ख्याल गाऊन वेगळ्या दिवशी वेगळी द्रुत चीज (छोटा ख्याल) घेणे ही रोजची गोष्ट आहे, आणि दोन मैफली वेगळ्या ओळखायला बहुतेक वेळा तीच उपयोगी पडते. शब्द नीट लागत नसतील तर जसे ऐकू आले तसे लिहून पुढे प्रश्नचिन्ह टाका. पुस्तकात सापडलेला ‘शुद्ध’ पाठ इथे घालू नका. गायकाने ‘गईलवा’ म्हटले असेल तर ‘गईलवा’च लिहायचे.

ताल आणि लय

अतिविलंबितात (अगदी संथ लयीत) ताल ओळखताना भलेभले चुकतात, कारण मात्रा मोजता मोजता कान गायकाकडे जातो. सोपा उपाय म्हणजे ‘तिरकिट’ हा तबल्याचा बोल कुठे पडतो ते धरणे. एकतालात तो चौथ्या आणि दहाव्या मात्रेवर येतो. तिलवाड्यात दुसऱ्या आणि दहाव्या मात्रेवर. झूमऱ्यात तिसऱ्या, सातव्या, दहाव्या आणि चौदाव्या मात्रेवर, म्हणजे तालाच्या एका फेरीत (आवर्तनात) चार वेळा. समेपासून (आवर्तनाच्या पहिल्या मात्रेपासून) पुढच्या समेपर्यंत दोनदा तिरकिट ऐकू आला तर एकताल किंवा तिलवाडा. समेनंतर लगेच आला तर तिलवाडा, थोडा थांबून आला तर एकताल. चार वेळा आला तर झूमरा. तबलजी भरणा करू लागला (मधल्या जागा जादा बोलांनी भरू लागला) की हे गणित बिघडते. म्हणून बंदिश नुकतीच सुरू झालेली असते तेव्हाची पहिली दोन-तीन आवर्तने पाहावीत.

लय आकड्यात लिहिता येते आणि लिहावी. मोबाइलवरचे घड्याळ लावून सलग तीन आवर्तनांचा वेळ मोजा आणि सरासरी काढा. १२ मात्रांचे आवर्तन ४८ सेकंदांत होत असेल तर एक मात्रा ४ सेकंदांची, म्हणजे मिनिटाला १५ मात्रा. ‘फार विलंबित’ या शब्दांचा अर्थ किराणा घराण्याच्या श्रोत्याला एक वाटतो, ग्वाल्हेर घराण्याच्या श्रोत्याला दुसरा. ‘मिनिटाला १५’ दोघांनाही सारखेच कळते.

रूपक तालाची सम ‘खाली’च्या (टाळी न देता हात मोकळा सोडायच्या) मात्रेवर असते हे विसरून बरेच जण चौथ्या मात्रेला सम धरतात. सात मात्रा मोजून झाल्यावर मुखडा ‘अधूनमधून’ येतोय असे वाटले तर चूक तुमची आहे, गायकाची नाही.

माध्यम: हे मुळात कशावर होते?

आज सगळे फोनवरच ऐकले जाते, त्यामुळे मूळ माध्यम लिहायचे राहून जाते. पण लांबीवरून बरेच कळते. मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या दहा इंची तबकडीची एक बाजू तीन-साडेतीन मिनिटांची असते. लाँग प्लेची बाजू वीस-पंचवीस मिनिटांची. कॅसेटची बाजू ३० किंवा ४५ मिनिटांची. खासगी मैफलीच्या मुद्रणात ३० किंवा ४५ मिनिटांच्या आसपास तान मध्येच तुटून पुढे दुसरेच काही सुरू होत असेल, तर तिथे कॅसेट उलटली आहे आणि मधले काही सेकंद कायमचे गेले आहेत. स्पूलवर (टेपच्या उघड्या चकतीवर) १२०० फूट फीत सेकंदाला साडेसात इंच वेगाने चालवली तर ३२ मिनिटे पुरते, पावणेचार इंच वेगाने ६४ मिनिटे. ‘इथे १० सेकंद गाळलेले आहेत’ असे नोंदीत लिहिले तर पुढच्या माणसाला ‘बुवांनी समेवर यायचे टाळले’ असा भलता शोध लागत नाही.

आकाशवाणीच्या संगीत सभांच्या सुरुवातीला आणि शेवटी निवेदन असते. कलाकाराचे, रागाचे आणि साथीदारांचे नाव त्यात येते, म्हणजे नोंदीचे निम्मे काम तिथेच होते. ‘उगाच बडबड’ म्हणून ते कापू नका. कापलेले असेल तर तसे लिहा. जुन्या तबकड्यांवरही हा प्रकार आहे. गौहर जानने १९०२ साली कलकत्त्यात केलेल्या मुद्रणांपासून शेवटी स्वतःचे नाव सांगायची पद्धत दिसते, कारण तबकड्या जर्मनीत छापल्या जात आणि तिथल्या कारागिरांना आवाजावरून गायिका कळणे शक्य नव्हते. तेवढी चार सेकंदे ऐकल्याशिवाय कोणत्याही जुन्या तबकडीवर नाव चिकटवू नका.

एक गोष्ट इथेच. तीन मिनिटांच्या तबकडीला ‘अपूर्ण’ किंवा ‘नुसती झलक’ म्हणायची सवय वाईट आहे. अब्दुल करीम खाँची ‘पिया बिन नहीं आवत चैन’ किंवा केसरबाई केरकरांची ‘जात कहाँ हो’ या वेळेत बसवलेल्या, पूर्ण विचार केलेल्या रचना आहेत. यातली दुसरी, केसरबाईंची भैरवी, १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर अवकाशात गेली, ती साडेतीन मिनिटांचीच. अशा तबकड्यांबद्दल लिहिताना काय गाळले यापेक्षा काय निवडले ते ऐका.

पट्टी आणि वेग

पट्टी म्हणजे गायकाचा षड्ज (सा) ज्या स्वराला असतो तो; हार्मोनियमच्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांवरून ती सांगतात. सगळ्यात जास्त घोटाळा इथे होतो आणि सगळ्यात कमी तपासले जाते. ७८ म्हणवणाऱ्या अनेक जुन्या तबकड्या प्रत्यक्षात ७८ वर कापलेल्या नसत. ७४ वर कापलेली तबकडी ७८ वर वाजवली तर आवाज जवळजवळ एक पट्टी चढतो आणि लयही पाच टक्के वाढते. गायक मग ‘काय चपळ आहे!’ असा वाटू लागतो.

तपासायची रीत:

१. तानपुऱ्याचे अ‍ॅप उघडा आणि षड्ज जुळवा. पट्टी लिहून ठेवा, उदाहरणार्थ ‘काळी एकच्या किंचित वर’.

२. त्याच कलाकाराचे, साधारण त्याच काळातले, खात्रीचे दुसरे मुद्रण घेऊन त्याची पट्टी काढा. वय वाढते तशी पट्टी उतरते, म्हणून वीस वर्षांनंतरचे मुद्रण तुलनेला घेऊ नका.

३. एका पट्टीचा फरक म्हणजे वेगात सुमारे सहा टक्क्यांचा फरक. दीड-दोन पट्ट्यांचा फरक आला आणि बोलण्याचा किंवा दाद देणाऱ्यांचा आवाजही बालिश वाटला, तर वेग चुकला आहे असे धरून चाला.

पुरुष गायक बहुधा पांढरी एक ते काळी दोनच्या आसपास आणि स्त्रिया काळी तीन ते काळी पाचच्या आसपास गातात, हा ढोबळ अंदाज आहे. अब्दुल करीम खाँसारखे उंच पट्टीत गाणारे त्याला अपवाद असतात. नुसत्या अंदाजावर फाइल ‘दुरुस्त’ करायला निघू नका.

मैफलीच्या टेपसाठी आणखी एक खात्रीचा खुंटा आहे, विजेची घरघर. आपल्याकडची वीज ५० हर्ट्‌झची, त्यामुळे मुद्रणात ५०, १०० आणि १५० हर्ट्‌झला बारीक गुणगुण उतरलेली असते. ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या संगणक प्रणालीत फाइल उघडा, गाणे सुरू व्हायच्या आधीचा दहा-पंधरा सेकंदांचा तुकडा निवडा, वर्णपट (कोणत्या वारंवारतेला किती आवाज आहे त्याचा आलेख) काढा आणि त्याचा आकार ६५५३६ ठेवा. कमी आकारात शिखरे ओळखू येत नाहीत. १०० ऐवजी १०६ ला शिखर दिसले तर टेप सहा टक्के जलद आहे. वेग ०.९४३ पट करायचा. नुसती पट्टी बदलणारी सोय वापरू नका, तिने लय जलदच राहते. वेग आणि पट्टी एकत्र बदलणारी सोय घ्या. धोका असा की शिखर बरोबर १०० ला दिसले तरी ती घरघर टेपवरची नसून डिजिटल करताना घरातल्या यंत्रातून शिरलेली असू शकते. जवळजवळ दोन शिखरे दिसली तर १०० पासून दूर असलेले बहुधा मूळ टेपचे. जुन्या काळी विजेची वारंवारताही थोडी खालीवर व्हायची, तेव्हा एक-दोन टक्क्यांसाठी भांडत बसू नये.

मुद्रण पुढे जाईल तशी पट्टी हळूहळू चढत असेल तर मुद्रण बॅटरीवर झालेले आहे. बॅटरी उतरली, यंत्र मंदावले, आणि आता नेहमीच्या वेगाने वाजवल्यावर सगळे चढते. ‘तासाभरात गायक अर्धी पट्टी चढला’ असे कौतुक करू नका.

रागाचे नाव

पहिली दहा मिनिटे पाटी न वाचता ऐका, मग नाव पाहा. उलट केले की कान पाटीप्रमाणे ऐकतो. भूप आणि देशकारात स्वर तेच पाच. गंधारावर वजन असेल तर भूप, धैवतावर आणि उत्तरांगात (सप्तकाच्या वरच्या भागात) असेल तर देशकार. मारवा, पूरिया आणि सोहनीतही स्वर तेच सहा. कोमल रिषभ आणि शुद्ध धैवत आग्रहाने येत असतील तर मारवा, गंधार-निषादाभोवती मंद्रात (खालच्या सप्तकात) फिरत असेल तर पूरिया, तार षड्जाकडे ओढ असेल तर सोहनी. तानपुराही सांगतो: पहिली तार पंचमाऐवजी मध्यमाची असेल तर मालकंसासारखा पंचम वर्ज्य असलेला राग असण्याची शक्यता, निषादाची असेल तर मारव्याच्या घरातला.

जयपूर घराण्याच्या जोडरागांत (दोन राग मिसळून झालेल्या रागांत) पाट्या सर्वाधिक चुकतात. नट कामोद नुसता ‘कामोद’ होतो, बसंत केदार नुसता ‘बसंत’. खात्री नसेल तर ‘वेष्टनावर अमुक छापले आहे, ऐकायला तमुक वाटतो’ असे लिहा.

माणसांच्या नावांतही हेच. ऐकवणारी अ‍ॅप्स बडे गुलाम अली खाँ आणि गझलगायक गुलाम अली एकाच पानावर आणून ठेवतात. आग्र्याचे गायक विलायत हुसेन खाँ आणि सतारिये विलायत खाँ यांचीही गल्लत होते. आपल्याकडे तर गंधर्वच कितीतरी: बालगंधर्व, सवाई गंधर्व, कुमार गंधर्व, छोटा गंधर्व. ‘सवाईतलं गाणं’ म्हणजे महोत्सवातले, ‘सवाईंचं गाणं’ म्हणजे रामभाऊ कुंदगोळकरांचे. ते १९५२ साली गेले आणि पुण्यातला महोत्सव १९५३ साली सुरू झाला, त्यामुळे ही दोन एकत्र येणे शक्यच नाही.

साथीदारांची नावे माहीत असतील तर सगळी लिहा, तानपुऱ्यावर मागे गाणाऱ्या शिष्यासकट. ‘ठेक्यावरून थिरकवा वाटतात’ एवढ्यावर तबलजी म्हणून त्यांचे नाव टाकू नका. ती ओळ पुढे पन्नास जणांकडे जाते आणि वाटण्याचे ‘आहेत’ होते.

आवडले ते सांगताना

मिनिट आणि सेकंद लिहा आणि तिथे काय घडते ते एका वाक्यात सांगा. ‘१४:२० ला मुखडा घेताना शेवटची मात्रा सोडून थेट समेवर उतरतात’ अशा वाक्यावर पुढची चर्चा होऊ शकते. ‘अंगावर काटा’ या शब्दांवर होत नाही. एका नोंदीत अशा दोन जागा पुरेत. आणि फोनच्या स्पीकरवर ऐकून डग्ग्याबद्दल किंवा खर्जाबद्दल मत देऊ नका, ते तिथे ऐकूच येत नाही. साधी वायरची इअरफोन जोडीही चालते.

फाइल पाठवताना

शक्यतो दुवा द्या. फाइल पाठवायचीच तर व्हॉट्सअ‍ॅपवर ध्वनीऐवजी कागदपत्र म्हणून जोडा, नाहीतर काही वेळा ती आणखी दाबली जाते. फाइलच्या नावात कलाकार, राग, वर्ष आणि ठिकाण ठेवा. ‘ऑडिओ ००४७’ नावाची फाइल महिनाभरात अनाथ होते. वेग तुम्ही बदलला असेल तर किती पट ते नावातच टाका आणि मूळ फाइल पुसू नका, तुमचा अंदाज चुकलेला असू शकतो.

भारतात प्रकाशित ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षे टिकतो. घरगुती मैफलीची टेप ज्यांनी दिली त्यांना विचारल्याशिवाय ती पुढे जाऊ देऊ नका, आणि त्यांनी नाव लिहू नका म्हटले तर ‘खासगी संग्रह’ एवढेच लिहा.

कोणी चूक दाखवली तर जुनी नोंद खोडू नका. तिच्याखाली तारीख टाकून दुरुस्ती लिहा आणि ज्या-ज्या गटात पहिली नोंद गेली होती, तिथे दुरुस्तीही पाठवा.