रिटर्न सारखं रिजेक्ट, कोड आर००००-९०५-०१ : माझा अनुभव

न्यू जर्सीत आमचं छोटं टॅक्स ऑफिस आहे, यंदा एकहाती धंद्याचं कॉर्पोरेशन केलं आणि त्यानंतर पाठवलेलं प्रत्येक रिटर्न वरच्या कोडने परत यायला लागलं. पीटिन (रिटर्न भरून देणाऱ्याचा नंबर) रिन्यू केलेला होता तरी परत तपासला, सॉफ्टवेअर अपडेट केलं, रिटर्न पुन्हा पाठवलं, काही नाही. ऐन एप्रिलमध्ये डोकं फिरायची वेळ आली!

तर हा कोड पीटिनचा नाहीच, ईफिनचा, म्हणजे रिटर्न ऑनलाइन पाठवायच्या (ई-फाइल) नंबरचा आहे. पीटिन म्हणजे पी आणि ८ आकडे, तो माणसाचा, दरवर्षी रिन्यू. ईफिन ६ आकडी, फर्मचा, आणि फर्मचा ईआयएन (धंद्याचा टॅक्स नंबर) बदलला की ईफिनही नवा लागतो, जुना पुढे चालत नाही. (ईटिन सॉफ्टवेअरवाल्यांचा असतो, त्याच्या मागे लागू नका.)

आधी आयआरएसच्या (अमेरिकेचं टॅक्स खातं) ई-सर्व्हिसेसमध्ये लॉगिन करून नव्या कॉर्पोरेशनच्या नावाने ई-फाइल अर्ज भरला. मंजूर झाल्यावर त्याच अर्जात ॲप्लिकेशन समरी उघडून ईफिनचं स्टेटस ॲक्टिव्ह आणि प्रोव्हायडर ऑप्शन ईआरओ (ग्राहकांची रिटर्न ई-फाइल करणारी फर्म) आहे ना ते बघितलं, समरीची पीडीएफ सॉफ्टवेअर कंपनीच्या अकाउंटला अपलोड केली, त्यांचं व्हेरिफाय आल्यावरच सेटअपमध्ये नवा नंबर टाकला. अडकलेल्या रिटर्नमध्ये जुनाच ईफिन राहतो, ते एकेक उघडून बदला आणि मग पाठवा. आमची सगळी ॲक्सेप्ट झाली.