हँड ग्राइंडरचं व्हील का फुटतं? या चुका टाळा

चार इंची हँड ग्राइंडर मोकळा चालतो तेव्हा मिनिटाला साधारण 11,000 फेरे घेतो. त्या वेगात व्हील, म्हणजे कापायची-घासायची चकती, फुटलं तर मागे सरकायलाही वेळ मिळत नाही. मशीन कितीही चांगलं असो, व्हील चुकीचं लावलं की धोका आलाच.

सगळ्यात घातक चूक म्हणजे गार्ड काढून मोठं व्हील चढवणं. काप खोलवर पोचत नाही म्हणून चार इंची मशीनला सात इंची व्हील लावतात. पण व्हीलवर छापलेला आकडा वाचा: 100 मिमीच्या कटिंग व्हीलवर सहसा कमाल 15,300 आरपीएम (मिनिटाला फेरे) असतात, 180 मिमीवर मात्र 8,500 च्या आसपास. म्हणजे ते व्हील जितकं झेपेल त्याहून कितीतरी जास्त फिरतं, आणि तुकडे अडवणारा गार्ड तर आधीच काढून ठेवलेला. शिवाय चार इंची व्हीलचं भोक 16 मिमी, मोठ्याचं 22 मिमी. ते मधोमध बसतच नाही, थरथरतं. जाड काम असेल तर दोन्ही बाजूंनी काप घ्या किंवा सात इंची मशीन आणा.

लाकूड कापायचं दातेरी ब्लेड तर ग्राइंडरला लावूच नका. दाता गाठीत अडकला की मशीन उसळून थेट मांडीवर किंवा गळ्यावर येतं.

कटिंग व्हीलने वेल्डिंग घासणं ही रोजची सवय. 1 ते 3 मिमीचं पातळ व्हील फक्त कडेवरचा जोर सोसतं. बाजूने दाबलं की आतली फायबरची जाळी चिरते. ती चीर दिसत नाही आणि व्हील पुढच्या कापाला फुटतं. घासायला 6 मिमीचं ग्राइंडिंग व्हील लावा आणि ते 15 ते 30 अंशांत तिरकं धरा.

व्हील कापात अडकतं ते टेकू चुकल्यामुळे. अँगल (L आकाराची लोखंडी पट्टी) दोन घोड्यांवर, म्हणजे टेकूच्या स्टँडवर, ठेवून मधोमध कापला की तो खाली झुकतो, वरची फट मिटते आणि व्हील चिमटलं जातं. कापाची खूण घोड्याच्या बाहेर घ्या, म्हणजे तुकडा मोकळा खाली पडेल. बाजूचा हँडल लावून दोन्ही हातांनी धरा, आणि कापाच्या रेषेत उभं राहू नका.

व्हील बदलताना आधी प्लग काढा. व्हील ज्यावर टेकतं तो खालचा फ्लँज, म्हणजे गोल बैठक, पुसून घ्या. त्यावर कण राहिला तरी व्हील वाकडं बसतं. नटाच्या एका बाजूला उंचवटा असतो: जाड व्हीलला तो भोकात जाईल असा खाली, पातळ व्हीलला वर. उलटं लावलं तर पातळ व्हील नीट आवळलं जात नाही. मधल्या पत्र्याच्या कडीवरची मुदतही पाहा, आणि पावसाळ्यात ओल लागलेलं व्हील सरळ फेकून द्या. नवं व्हील लावल्यावर, समोर कोणी नाही ना बघून, एक मिनिट मोकळं चालवा.

आता मशीनच्या कुरबुरी. मागच्या जाळीतून ठिणग्या दिसल्या तर कार्बन (मोटरला वीज पोचवणारे दोन ब्रश) तपासा. 5-6 मिमी उरले असतील तर दोन्ही एकदम बदला. नव्या कार्बननंतरही कॉम्युटेटरभोवती (कार्बन घासतात त्या तांब्याच्या कड्याभोवती) आगीचं कडं दिसत असेल तर आर्मेचर, म्हणजे मोटरचा फिरता भाग, मेकॅनिकला दाखवून घ्या. बॉडी तापते ती बहुधा जाळीत लोखंडी धूळ बसल्यामुळे किंवा मशीन दाबून चालवल्यामुळे. जड कापानंतर अर्धा मिनिट मोकळं फिरवलं की पंख्याची हवा आत खेळते. आवाज जड येत असेल तर एक्स्टेन्शन बघा. वायर 1.5 चौरस मिमीची असू दे आणि ड्रमवरून पूर्ण उलगडा. गुंडाळलेली वायर लोडवर तापते.

चष्म्यावर विसंबू नका, कडेने बंद असलेला गॉगल आणि त्यावर फेस शील्ड घाला. गळ्यातलं उपरणं, ओढणी, सैल सुती हातमोजे काढून ठेवा. काम चालू असताना वीज गेली तर आधी स्विच बंद करा, मगच मशीन खाली ठेवा. सरकता स्विच चालूच राहिला तर वीज येताक्षणी ते जमिनीवरून स्वतःहून सुटतं.