फोटोत धबधब्याचं पाणी दुधासारखं कसं काढायचं

पावसाळ्यात ठोसेघर, भंडारदरा वगैरे ठिकाणी जाताय तर कॅमेरा ऑटोवर ठेवू नका, शटर प्रायॉरिटीवर (शटर किती वेळ उघडं राहील ते आपण ठरवायचा मोड) टाका आणि 1/4 ते 1 सेकंद ठेवून बघा, आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) 100. ट्रायपॉड हवाच, नसेल तर कठड्यावर बॅग ठेवून त्यावर कॅमेरा टेकवा आणि 2 सेकंदांचा टायमर लावा म्हणजे बटण दाबताना हलत नाही. ढगाळ हवा असेल तर उत्तमच, ऊन असेल तर फोटो पांढराफटक येतो, मग एनडी फिल्टर (लेन्सवर लावायची, प्रकाश कमी करणारी गडद काच) लागतो. पण एकच फिल्टर घ्यायचा तर मी म्हणेन पोलरायझर घ्या, तो थोडा प्रकाशही कमी करतो आणि ओल्या पानांवरची, दगडांवरची चमक काढतो, हिरवा रंग काय खुलतो बघा! आणि हे काम एडिटिंगमध्ये नीट जमत नाही. पोलरायझर लेन्सवर फिरवत फिरवत बघायचं, चमक गेली की थांबायचं.

मायक्रोफायबरचं कोरडं फडकं खिशात असू द्या, तुषार लेन्सवर बसतातच.

फोटो रॉमध्ये (कॅमेऱ्याची प्रक्रिया न केलेली कच्ची फाइल) काढा, घरी एडिटिंगमध्ये हायलाइट्स (सगळ्यात उजळ भाग) खाली आणा, पाणी निळसर दिसत असेल तर व्हाइट बॅलन्स (रंगछटेचा तोल) जरा उबदार, म्हणजे पिवळसर करा. सॅच्युरेशनला (रंगांचा भडकपणा) शक्यतो हात लावू नका, सह्याद्री पोपटी प्लास्टिकचा दिसायला लागतो.